पॉलिशने मोडलेला मदरबोर्ड

कारखान्यात त्याला सगळे पॉलिश म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं. पितळी नळ ओतून, कापून, आटे पाडून त्याच्यापुढे यायचे तेव्हा काळपट, खरखरीत, तोंड वाकडं करून बसलेले असायचे. गरगर फिरणाऱ्या चाकावर तो ते धरायचा, आणि हातातून सोडायचा तेव्हा त्यात बघून माणसाने भांग पाडावा. पण चाकाची थरथर नळातून बोटांत यायची, बोटांतून मनगटात. चकाकी गिऱ्हाईक घेऊन जायचं, थरथर पॉलिशकडे राहायची.

अलीकडे तीही राहिली नव्हती. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही कंटाळून गेल्या. ऊन-गार कळेनासं झालं. गारठ्याच्या सकाळी बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी पडायची. त्या हॉलमधल्या सगळ्यांचं कमी-जास्त हेच होतं, आणि त्याबद्दल कुणीही अवाक्षर काढायचं नाही असं न ठरवता ठरलेलं होतं. त्याला कारण लांब्या.

लांब्या हा पॉलिशचा शेजारच्या मशिनवरचा जोडीदार. उंच इतका, की आयुष्यभर वाकून काम करून त्याचा प्रश्नचिन्हाचा आकार झालेला. हॉलमध्ये आवाज असा, की कानात ओरडलं तरी अर्धंच पोचायचं. म्हणून सगळा कारभार खुणांवर. मनगटावर टिचकी म्हणजे चहा. कानाला हात म्हणजे साहेब आला. हनुवटी वर उडवली म्हणजे साहेबाच्या खानदानाविषयी काहीतरी. दोघांनी भांडणंसुद्धा खुणांवर केली आणि मिटवलीही खुणांवरच.

एक दिवस लांब्याने कारखान्याच्या डॉक्टरला खरं ते सांगितलं, की हात बधिर झालेत, नळ सुटतो. डॉक्टरने हात उलटेपालटे केले आणि निकाल दिला: हे हात आधीच तसे होते. म्हणजे हा गडी कामाला लागला त्याच्याही आधीपासून. आधीच गेलेल्या हातांनी ज्याने इतकी वर्षं नळांचे आरसे केले, त्याचा खरं तर फाटकाजवळ पुतळा उभारायला हवा होता. त्याला घरी पाठवलं. अशा गोष्टीला कारखान्यात अपघात म्हणत नाहीत. अपघात म्हटलं की निदान चौकशी तरी लागते.

लांब्या मुलाकडे राहायला गेला, दूर. फोनचा उपयोग नव्हता, दोघांचेही कान त्या हॉलनेच खाल्लेले. हा इकडून "काय?" तो तिकडून "काय?" आणि दोन्हीकडच्या बायका तोंडावर पदर धरून हसणार. मग एक दिवस लांब्याचा मेसेज आला, सोबत फोटो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ट्रकची केबिन, पुढे लांबलचक रस्ता.

'हा गेम आहे. खरा रस्ता, खरा ट्रक, फक्त डिझेल नाही. पोराने कॉम्प्युटर जोडून दिला. तू घे एक. माझ्या मागे गाडी लाव. डिपर मारला की मी समजतो.'

पॉलिशने तो फोटो बराच वेळ बघितला. मग बायकोला दाखवला.

ती कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. दिवसभर बटणं, त्यामुळे घरी आल्यावर तिला गोल वस्तू बघवत नसे. ती म्हणाली, "ट्रक चालवायचाय तर ट्रकवर जा की. पगार तरी मिळेल."

"लांब्या आहे त्यात."

"मग तयार मिळतो तो आणा."

"तयार घेतो तो गिऱ्हाईक."

"आणि आपण कोण?"

"आपण कामगार."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा?"

त्याने फोन खिशात ठेवला. मनातल्या मनात त्याने एक पैज लावली होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लांब्याला पोराने जोडून दिला, कारण लांब्याचे हात गेलेत. मी सुट्टे पार्ट आणून स्वतः जोडेन. जोडला, तर माझे हात आहेत. नाही जोडला, तर... ह्या 'तर'च्या पुढे तो जात नसे.

घराने मात्र त्याच्या वतीने कधीच कबुली दिली होती. त्याच्या बुटांच्या नाड्या जाऊन पायात सरकवायचे बूट आले होते. मोरीतला पिळायचा नळ जाऊन दांड्याचा नळ आला होता. नळवाल्याच्याच घरात! शर्टांना बटणं दिसत, पण ती नुसती वरून टाकलेली, शोभेची, आतून वेल्क्रोची चिकटपट्टी. हे सगळं बायकोने एकेक करून, कपडे वाळत घालावेत इतक्या सहजपणे केलं होतं. तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. एकदा फक्त उकळत्या चहाचा कप त्याने तळव्यांत कवटाळून धरला आणि तळव्याला फोड आल्यावर कळलं. तेव्हा तिने मलम लावलं आणि म्हणाली, "कप बदलते."

सुट्टीच्या दिवशी तो पार्टच्या दुकानात गेला. दुकान बोळकांडीएवढं, छतापर्यंत खोकी, आणि काचेच्या कपाटात रंग बदलणारे पंखे. दुकान एक बाई चालवायची. तिशीची असेल, केस वायर बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेले.

"बोला काका."

"काका कुणाला म्हणतेस?"

"बरं, दादा. कुठला गेम?"

"ट्रकचा."

"गोळीबार, मारामारी काही नको?"

"आठवडाभर कारखान्यात असतो. तेवढी पुरते."

ती हसली. तिने काउंटरवर एक जुना मदरबोर्ड ठेवला, हिरवी पाटी, तिच्यावर खाचा आणि डबे. "हा असा हॉल समजा. बाकीच्यांनी इथे येऊन आपापल्या जागी उभं राहायचं. प्रोसेसर इथे. मेमरी ह्या खाचेत. ग्राफिक कार्ड खाली, चित्र दाखवायला. ट्रकला फार मोठं कार्ड लागत नाही, मधलं बस होईल. बोर्डमध्ये मात्र दोन जाती आहेत. हा बघा, ह्याला बारके दिवे आहेत, काही चुकलं तर कुठे चुकलं ते दाखवतात. आणि ह्याच्यात डिस्क बसवायला स्क्रू नाही, नुसती खिट्टी फिरवायची."

"हे पोरांचं झालं."

"पोरं तर दिवे नकोत म्हणतात हो, रंग हवेत म्हणतात. बरं, ही कॅबिनेट. दार उघडायला पेचकस लागत नाही, मोठे स्क्रू, हातानेच—"

"मला पेचकस चालतो."

आणि मग तो वजनावर निवडू लागला. हा त्याच्या धंद्याचा न्याय. हलका नळ म्हणजे आतून पोकळ, ओतताना हवा राहिलेली. एकेक खोकं उचलून तो मनगटावर तोलत होता. मनगटाला अजून सगळं कळायचं. पॉवर सप्लायपाशी दुकानवाली म्हणाली, "इथे तुमचं बरोबर आहे, जड असतो तो बरा असतो." तेवढ्यावर त्याला चेव चढला आणि पुढचं सगळं त्याने जडच घेतलं. कॅबिनेट लोखंडी, चारी बाजूंनी स्क्रू, तिजोरीसारखी. बोर्ड बिनदिव्याचा, पण जाड पत्र्यांचा. गेमच्या कॉम्प्युटरसाठी आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक असेल ज्याने वेग विचारला नाही, वजन विचारलं.

तिने मेमरीची पट्टी पुढे केली. त्याने ती घेतली आणि ती पडली. काउंटरवरच पडली, काही झालं नाही.

"झोप झाली नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि पट्टी परत खोक्यात घातली. "जोडून देऊ का? मालाबरोबर जोडणी फुकट असते."

"जोडणी मी करणार."

"बरं. एवढंच ध्यानात ठेवा, इथे कुठलाच स्क्रू पिळायचा नाही. टेकला की थांबायचं."

पुढच्या सुट्टीला, दुपारच्या लख्ख उजेडात, खिडकीपाशी टेबल ओढून तो बसला. बायको समोर मोज्याला टाके घालत होती. सुरुवात चांगली झाली. प्रोसेसर नुसता जागेवर ठेवायचा असतो, तो त्याने डोळ्यांनी नेम धरून ठेवला. बोटांचं काम डोळ्यांकडून करून घ्यायची त्याला सवय झाली होती. बोट कुठे आहे ते बघायचं, मग ते हलवायचं, मग हललं का ते बघायचं. स्वतःच्याच हाताचा मुकादम झाल्यासारखं.

मग बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवून तो स्क्रू आवळू लागला. पेचकस घरचाच, कारखान्याकडून आलेला, लांब दांड्याचा. त्याच्या हॉलमध्ये एकच शिकवण होती: ढिलं राहिलं ते जीव घेतं. फिरत्या चाकाचा एक नट सैल राहिला तर काय होतं ते तिथे प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं. स्क्रू टेकला. कुठे टेकला हे सांगायचं काम बोटांचं, आणि बोटं गप्प. मनगट म्हणालं, अजून जागा आहे. मनगटात ताकद भरपूर. एका कोपऱ्यात बोर्ड खालच्या आधारावर जरा तिरका बसला होता, तिथेही त्याने जोर लावला.

बायकोने मान वर केली. "काय तडकलं?"

"कुठे काय?"

"आवाज आला."

"मला नाही आला."

"तुम्हाला ढग गडगडले तरी येत नाही."

सगळं जोडून त्याने बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. त्याने वायरी काढल्या, घातल्या. मेमरी काढली, घातली. पंखे फिरले, पडदा काळा. असं ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं तरी चाललं होतं. शेवटी बायको उठली, वाकून बघितलं आणि नखाने दाखवलं. कोपऱ्यातल्या स्क्रूपासून मेमरीच्या खाचेपर्यंत केसासारखी एक रेघ गेली होती.

त्याला राग यायला हवा होता. राग हा त्याचा हक्काचा माणूस, हाक मारली की धावत यायचा. आज आला नाही. तो खुर्चीत बसून राहिला. पंखे फिरत होते. बायकोने पिन काढली तेव्हा ते थांबले.

"खोक्यात भरते. दुकानात नेऊ," ती म्हणाली. "मी धरते, तुम्ही चला."

दुकानवालीने बोर्ड उजेडात तिरका धरला. तिला रेघ दिसायला वेळ लागला नाही. ती कशाने आली तेही तिला कळलं असणार, कारण तिने आधी पॉलिशच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे, आणि आवाज उतरवून म्हणाली, "दादा, टेन्शन घेऊ नका. गिऱ्हाइकाने मोडला तर कंपनी बदलून देत नाही, वाहतुकीत मोडला तर देते. मी वर कळवते, खोक्यातून काढला तेव्हा आधीच तसा होता. विषय संपला."

पॉलिश बोर्डकडेच बघत होता. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून ती मोठ्याने म्हणाली, "आधीच तसा होता! हो ना?"

"नाही."

"अहो, मी तुमच्या फायद्याचं बोलतेय."

"कळलं. आधीच तसा नव्हता. चांगला होता. मी मोडला."

"कंपनीला काय फरक पडतो? एवढी मोठी कंपनी—"

"कंपनीला काहीच फरक पडत नाही, ते मला तू सांगू नकोस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझ्या जोडीदाराच्या हातांबद्दल हेच बोलले होते. त्याच्या तोंडावर. माझ्या तोंडून ते वाक्य कुणाबद्दल जाणार नाही. पाटीबद्दलसुद्धा नाही."

दुकानवालीने बोर्ड खाली ठेवला. "बरं. मग कसा मोडला?"

"स्क्रू पिळला. कुठे थांबायचं ते बोटांना कळलं नाही." आणि थोडं थांबून, "बोटांना कळत नाही. बऱ्याच दिवसांपासून नाही."

बोलून झालं. हे तोंडातून बाहेर पडलं की काहीतरी होईल, आभाळ नाही तर निदान छत तरी कोसळेल, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. कपाटातले पंखे निळ्याचे हिरवे झाले. बायको पंख्यांकडेच बघत होती.

"किती कळत नाही?" दुकानवालीने विचारलं. भाजीवाल्याने किती किलो विचारावं तसं. तिला कीव करता येत नसावी किंवा तिने ती गिळली असावी. "उगाच विचारत नाही. मला पार्ट निवडायचेत. मागच्या वेळी तुम्ही लपवलंत म्हणून मी चुकीचे दिले. डोळे मिटा. हात पुढे करा."

त्याने डोळे मिटले. काउंटरवर काहीतरी खुडखुडलं.

"आता तुमच्या चिमटीत काय आहे?"

"स्क्रू."

"बारका की मोठा?"

"बारका."

कुणीच बोलेना तेव्हा त्याने डोळे उघडले. चिमटीत काही नव्हतं. स्क्रू काउंटरवर, त्याच्या बोटांपासून वीतभर दूर पडला होता. तो आपल्या रिकाम्या चिमटीकडे बघत राहिला, दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसा.

"ठीक आहे," दुकानवाली म्हणाली. "आता मला कळलं."

मग सगळी निवड पुन्हा पहिल्यापासून झाली. मोडलेल्या बोर्डाचे पैसे गेले, बाकी परत घेण्यासारखं होतं ते तिने घेतलं. प्रोसेसर, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक कार्ड चांगले निघाले, ते ठेवले. तिजोरी गेली, मोठ्या स्क्रूंची, दार नुसतं ओढून काढायची कॅबिनेट आली. बोर्ड आला तो दिव्यांचा आणि खिट्टीचा. प्रत्येक वस्तूला पॉलिश आता एकच विचारत होता, आणि बिनदिक्कत विचारत होता: ही बसली हे दिसतं का? दिसलं तर माझी. पेचकसही तिने दिला, आखूड आणि ठरावीक जोराला आपोआप घसरणारा.

"हा घसरला की तुम्ही थांबायचं. तुम्हाला कळायची गरज नाही, त्याला कळतं."

"आणि ह्या?" त्याने बटणाच्या दिशेने जाणाऱ्या सुईएवढ्या वायरी दाखवल्या.

"त्या मलाही जमत नाहीत. शिव्या देत देत घालते. त्या बाबतीत आपण सारखे." मग तिने मेमरी हातात घेतली आणि जरा घुटमळली. "ही मात्र दाबावीच लागते. बसली की नाही ते दिवा सांगेल. पण किती दाबायचं ते दिवा सांगत नाही. ते बोटानेच कळतं. ह्याला दुसरी जात नाही."

पॉलिशने पट्टीकडे पाहिलं. पैज इथे येऊन ठेपली होती आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं, हेच त्याला जरा चमत्कारिक वाटलं.

"मी दाबते," बायको म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"दाबायचं ना? टिक वाजेपर्यंत? मला ऐकू येतं, आणि बोटांना अजून सुई टोचते. आणखी काय लागतं?"

"आमच्याकडे नोकरीला येता का ताई?" दुकानवाली म्हणाली.

"नको बाई. ह्यांचंच काम संपत नाही."

त्याच्या पुढच्या सुट्टीला तिसऱ्या प्रहरी, त्याच टेबलावर, बायकोने दोन्ही अंगठ्यांनी मेमरी दाबली. दाबताना ती त्याच्याकडे बघत नव्हती आणि तोही तिच्याकडे बघत नव्हता. दोघंही त्या खाचेकडे बघत होते. ती म्हणाली, "झालं." त्याला टिक ऐकू आलं नाही. बटण दाबल्यावर बोर्डावरचा एक तांबडा दिवा लागला, मग विझला आणि पडदा उजळला. बायको मोजा घेऊन परत बसली.

ही काही विजयाची गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी पॉलिश कारखान्यात गेला, चाकासमोर उभा राहिला आणि नळ धरले. नळांना चकाकी आली. डॉक्टरकडे तो गेला नाही. जाईल की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या जागी उभं राहून ज्याला हे सोपं वाटेल त्याने आधी महिनाभर ते चाक धरून बघावं, मग शहाणपण शिकवावं.

संध्याकाळी तो कॉम्प्युटरपुढे बसला. रस्त्याच्या कडेला एक निळा ट्रक उभा होता, त्याच्यावर लांब्याचं नाव. पॉलिशने आपली गाडी मागे नेऊन उभी केली. जरा वेडीवाकडी लागली. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली.

'आलास. कोणी जोडला?'

पॉलिशने एकेक अक्षर शोधून, बघून, दाबलं. 'मी. मेमरी बायकोने.'

'आणि हात?'

तो कळफलकाकडे बघत बसला. बायकोने आतून विचारलं, जेवायला वाढू का. त्याला ऐकू आलं नाही. मग त्याने लिहिलं, 'गेले.'

निळ्या ट्रकने खूण केली. दिवा एकदा लागला, विझला, आणि ट्रक हळूहळू रस्त्यावर आला. पॉलिशने पुढे जायच्या बटणावर बोट ठेवलं. ठेवलं का, दाबलं का, त्याला काही समजत नव्हतं. त्याने खाली पाहिलं नाही. पडद्यावर रस्त्याचे पांढरे पट्टे त्याच्याकडे येऊ लागले होते, गाडी चालली होती, म्हणजे बोट बटणावर होतं.